वावर विकून स्पॉन्सरशिप घ्यायची का?

चोपडा तालुक्यातल्या एका भावाचं पत्र आलंय. नाव-गाव देऊ नका म्हणालाय म्हणून देत नाही, पण पत्र तसंच्या तसं देते, कारण आपल्याकडे अशी बरीच पोरं सध्या याच फेऱ्यात अडकलेली असणार.

"ताई, मी 33 वर्षांचा आहे, आयटीआय डिझेल मेकॅनिक. जळगावला ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये 9 वर्षं झाली. पगार अर्धा बँकेत, अर्धा हातात. एक एजंट म्हणतो की ऑस्ट्रेलियात रिजनल भागात शेतीच्या मशिनरीचं वर्कशॉप आहे, मालक स्पॉन्सर करायला तयार आहे, 16 लाख लागतील, 5 आधी, बाकी व्हिसा आल्यावर. वडिलांच्या नावावर 3 एकर केळी आहे, त्यातला एक एकर विकायचं घरात चाललंय. माझ्या ओरिजनल मार्कशीट आणि पासपोर्ट एजंटकडे जमा आहेत. दोन वर्षांनी मेलबर्नला मित्राकडे शिफ्ट होता येईल असं तो म्हणतो. मेहुण्यालाही तिकडे केळीच्या बागेत लावून देतो म्हणालाय. बायको नाही म्हणते, मेहुणा म्हणतो अशी संधी परत येत नाही. काय करू?"

भाऊ, तू ताई म्हणालास म्हणून मी सरळ तू म्हणते. एकर विकू नकोस. 5 लाख देऊ नकोस. आणि हे वाचून झालं की सगळ्यात आधी मार्कशीट आणि पासपोर्ट परत आण, बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

आता का ते सांगते. जाऊच नको असं मी म्हणत नाहीये हे आधी लक्षात घे, डिझेल मेकॅनिकला तिकडच्या आतल्या भागात खरंच काम आहे, आणि मालकाने स्पॉन्सर करून माणूस बोलावण्याचा रस्ताही खराच आहे. खोटं आहे ते त्या रस्त्यावर मध्येच मांडलेलं 16 लाखांचं दुकान.

तो रस्ता म्हणजे 494 नंबरचा व्हिसा. नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाला, त्याआधी 187 नंबरचा होता. मालकाने स्पॉन्सर करायचं, काम रिजनल भागातच, म्हणजे तीन मोठी शहरं सोडून, करायचं, व्हिसा 5 वर्षांचा, आणि 3 वर्षं नियमाने राहून, काम करून, टॅक्स भरून झाला की 191 नंबरच्या व्हिसावर कायमचं राहण्यासाठी अर्ज करता येतो. वय 45 च्या आत पाहिजे, आपल्या ट्रेडचा किमान 3 वर्षांचा फुल टाइम अनुभव पाहिजे, आयईएलटीएस या इंग्लिशच्या परीक्षेत चारही भागांत 6 पाहिजेत, आणि ट्रेडवाल्यांची स्किल असेसमेंट, म्हणजे काम खरंच येतं का याची तपासणी, टीआरए म्हणजे ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया करते. यात तीन पायऱ्या असतात, आधी तिकडच्या मालकाने स्वतः स्पॉन्सर म्हणून मंजुरी घ्यायची, मग त्याने तुझ्या जागेचं नॉमिनेशन करायचं, म्हणजे या जागेवर हा माणूस पाहिजे असा अर्ज, ज्यात पगार त्या भागातल्या रेटप्रमाणे आहे का यावर तिथल्या संस्थेचं मत घेतात, आणि त्याच्यानंतर तुझा व्हिसाचा अर्ज. एजंटने यातलं एक अक्षर तरी सांगितलं का तुला? तुझ्या पत्रात फक्त 16 लाख आणि 5 लाख आहेत, आयईएलटीएसचं नाव नाही, असेसमेंटचं नाव नाही. तेवढ्यावरूनच मला शंका आली.

पैशाचं नीट ऐक. स्पॉन्सर व्हायची फी 420 डॉलर (इथे सगळे डॉलर ऑस्ट्रेलियन), ती मालकाची. त्याशिवाय प्रत्येक नॉमिनेशनमागे ट्रेनिंग फंडाची लेव्ही असते, छोट्या धंद्याला 3,000 डॉलर, वर्षाचा टर्नओव्हर 1 कोटी डॉलर किंवा त्याच्यावर असेल तर 5,000, तीही मालकाचीच, आणि ती कामगाराकडून वसूल करायला कायद्याने बंदी आहे. तुझ्या खिशातून जाणार म्हणजे आयईएलटीएस, असेसमेंट, मेडिकल, तिकीट आणि व्हिसाच्या अर्जाची सरकारी फी, जी साधारण 5,000 डॉलरच्या आसपास असते, दर जुलैत वाढते, बायको-मुलांची वेगळी. हा खर्चसुद्धा थोडा नाहीये, पण त्याच्या पावत्या मिळतात, सगळा उजेडात असतो. आणि "मालकाला द्यायचे", "स्पॉन्सरला द्यायचे", "सीट बुक करायचे" असे जे पैसे मागतात ना, ते ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात 14 डिसेंबर 2015 पासून गुन्हा आहे. मागणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत जेल होऊ शकते. देणाराही सुटत नाही, त्याला दंड होतो, व्हिसा रद्द होऊ शकतो. म्हणजे तू वावर विकून जो कागद घेशील, तोच कागद तू तो विकत घेतला या कारणाने जाऊ शकतो.

आपल्या नंदुरबारकडची, धडगाव-अक्कलकुव्याची माणसं दिवाळी झाली की गुजरातमध्ये ऊस तोडायला जातात, मुकादम उचल देतो आणि ती उचल फिटेपर्यंत कोयता त्याच्याशी बांधलेला. मुकादम शिव्या देवो, हिशोबात मारो, उठून जाता येत नाही कारण उचल अंगावर आहे. तुझ्याकडे तर उलटं चाललंय, तू स्वतःच्या बापाच्या वावराची उचल दुसऱ्याला देणार आणि तरी बांधला तूच जाणार.

हे मी कुठून ऐकून सांगत नाहीये. 2016 च्या शेवटी माझा नवरा असाच गेला, तेव्हा 457 नंबरचा व्हिसा होता, तोही मालकाने स्पॉन्सर करायचा. एजंटला 6 लाख दिले होते, माझ्या पाटल्या आणि एकदाणी मोडून. हे देणं बेकायदेशीर आहे हे आमच्या गावीही नव्हतं, सगळेच देतात असं वाटलं. चार महिन्यांनी मी मुलाला घेऊन गेले. न्यू साउथ वेल्सच्या आतल्या भागात, कापसाचा पट्टा. कापूस आपल्यासारखाच, पण वेचायला बायाच नाहीत, एक अवाढव्य मशीन शेतातून जातं आणि मागून पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली गोल गाठ टाकतं, ती मशिनं दुरुस्त करायचं काम. काम चांगलं होतं, आवडीचं होतं त्याच्या. पगार दर पंधरा दिवसांनी गुरुवारी बँकेत पूर्ण जमा व्हायचा, पेस्लिप अगदी बरोबर. आणि शुक्रवारी सकाळी मी सुपरमार्केटच्या दाराजवळच्या एटीएममधून 400 डॉलर काढायचे. 50 च्या आठ नोटा, तिकडची 50 ची नोट हळदीच्या रंगाची असते. त्या पाकिटात घालायच्या, पाकीट नवऱ्याच्या डब्याच्या पिशवीत, आणि तो ते मालकाच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून यायचा. तोंडाने कोणी काही बोलायचं नाही. पहिल्याच महिन्यात मालकाने एकदा सांगितलं होतं, तुला आणायला मला खर्च आलाय, तो असा फेडायचा, नसेल जमत तर व्हिसा माझ्या हातात आहे.

14 महिने आम्ही ते पाकीट दिलं. का दिलं? कारण 6 लाख देऊन आलेलो, रिकाम्या हाताने भुसावळला कसं परत जायचं, नातेवाईक काय म्हणतील, मोडलेलं सोनं कसं भरून काढायचं. आणि तक्रार करावी तर आपणही पैसे देऊनच आलोय, आपलंच निघेल याची भीती. दिलेल्या पैशाने आमचं तोंड शिवलं होतं भाऊ. तेव्हा नोकरी सुटली तर दुसरा मालक शोधायला फक्त 60 दिवस मिळायचे, त्याचीही धास्ती होती. सासूबाईंना फोनवर शेवटी मीच रडत सगळं सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "जीव मोठा शे, पैसा नही."

सुटलो ते दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे नवऱ्याला शाळेपासूनची सवय, खिशात छोटी डायरी, त्यात रोज किती वाजता कामावर गेला, किती वाजता सुटला, रविवारी बोलावलं का, सगळं लिहिलेलं. आणि माझ्या बँक स्टेटमेंटमध्ये दर दुसऱ्या शुक्रवारी बरोबर 400 डॉलर काढलेले, 14 महिने न चुकता. मुलाच्या शाळेतल्या एका बाईंनी फेअर वर्कचं नाव सांगितलं, ते सरकारी ऑफिस आहे, पगाराच्या तक्रारी बघतं, फोनवर हिंदी बोलणारा दुभाषी दिला त्यांनी. आधी दुसरा मालक शोधला, त्याचं नॉमिनेशन मंजूर झालं, मगच पहिली नोकरी सोडली, मग तक्रार केली. पैसे सगळे नाही पण बऱ्यापैकी परत मिळाले. दुसरा मालक देवमाणूस निघाला, 2022 ला सासूबाईंच्या आजारपणासाठी परत येईपर्यंत त्याच्याकडेच होतो.

आता नियम आपल्या बाजूने थोडे सुधारलेत, तेही तुला माहीत पाहिजेत. 1 जुलै 2024 पासून स्पॉन्सरकडची नोकरी सुटली तर एकावेळी 180 दिवस आणि व्हिसाच्या पूर्ण मुदतीत मिळून 365 दिवस मिळतात दुसरा स्पॉन्सर शोधायला, आणि तेवढ्या काळात दुसरीकडे कामही करता येतं. नव्या मालकाला मात्र तुझं नॉमिनेशन पुन्हा करावं लागतं. आणि व्हिसाची धमकी देऊन कामगाराला राबवणं, लुबाडणं हा आता तिकडे वेगळा गुन्हाच केलाय. पण हे नियम त्यांच्याच कामाचे ज्यांना तक्रार करताना स्वतःचं काही लपवायचं नसतं.

मेलबर्नचं म्हणशील तर ते विसर. 494 वर रिजनल भागातच राहायचं आणि तिथेच काम करायचं अशी अट असते, आणि सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन ही तीन शहरं सोडून जवळजवळ सगळा देश रिजनल धरलाय. पर्थ, अॅडलेड, गोल्ड कोस्टसुद्धा त्यात येतात. म्हणून रिजनल ऐकलं की एकदम उजाड माळच असेल असं नाही, आणि शहरच असेल असंही नाही. एजंटला गावाचं नाव आणि पोस्टकोड विचार, मॅपवर बघ, दवाखाना किती लांब, शाळा किती लांब, बस आहे का. आमच्या गावात बस आठवड्यातून तीन दिवस यायची आणि मला गाडी येत नव्हती, पहिले सहा महिने मी जवळजवळ घरातच होते. हे मी तुझ्या बायकोसाठी लिहितेय. ती नाही म्हणते त्यामागे काय आहे ते तू पत्रात लिहिलंच नाहीस, विचारलंस का तरी? तिला पुढ्यात बसवून हे माझं उत्तर वाचून दाखव. तिकडे एकटेपणा पुरुषापेक्षा बाईला जास्त येतो, पुरुषाला निदान वर्कशॉप तरी असतं.

पगार लेखी किती सांगितलाय तेही बघ. या व्हिसावर वर्षाला ठरलेल्या रकमेच्या खाली पगार देता येत नाही, 1 जुलै 2025 ला ती 76,515 डॉलर झाली, आणि दर जुलैत वाढते. त्या जागेवर तिथल्या माणसाला जास्त मिळत असेल तर तुलाही तेवढाच द्यावा लागतो. सुपर म्हणजे आपल्या पीएफसारखं, 12 टक्के, ते मालकाने त्याच्यावर वेगळं भरायचं. टॅक्स जाऊन आठवड्याला साधारण बाराशे डॉलरच्या आसपास हातात राहतात, आणि त्यातून भाडं, गाडी, किराणा. बरं भागतं, शिल्लकही पडते, पण एजंट जे महिन्याला अमुक लाख सांगतात ते टॅक्स आणि भाडं न धरता सांगतात.

मेहुण्याला स्पष्ट सांग, केळीच्या बागेत लावून देतो हे जवळजवळ नक्की फसवणुकीचं बोलणं आहे. तिकडची बहुतेक सगळी केळी क्वीन्सलँडच्या उत्तरेला टली, इनिसफेल भागात होते, आपल्या रावेर-यावलसारखाच तो पट्टा आहे, म्हणून आपल्या भागात हे गाजर पटकन चालतं. पण तिथल्या मजुरीची सरकारी योजना, पाम म्हणतात तिला, ती पॅसिफिक बेटांवरच्या 9 देशांसाठी आणि तिमोर-लेस्टसाठी आहे, भारत त्यात नाही. आणि साधा मजूर 494 च्या स्किल्ड व्हिसात बसत नाही. मेहुणा 18 ते 30 मधला असेल आणि बारावीनंतर शिकलेला असेल तर 462 नंबरचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा भारतीयांसाठी 2024 पासून सुरू झालाय, वर्षाला 1,000 जागा, लॉटरी निघते, नाव नोंदवायची फी 25 डॉलर. त्याला स्पॉन्सर लागत नाही, त्यामुळे कोणी त्याच्यासाठी लाख मागितले तर तिथून उठून यायचं.

एजंट खरा की खोटा हे ओळखायला फार हुशारी लागत नाही, फक्त विचारायची लाज वाटू द्यायची नाही. आपल्याकडे परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्याला 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली लायसन लागतं, ई-मायग्रेट पोर्टलवर नाव शोधलं की दिसतं. अशा लायसनवाल्याला नोकरी लावून द्यायचा सर्व्हिस चार्ज जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. 30,000 आणि 16 लाख, तूच बघ. व्हिसाचा सल्ला देणारा ऑस्ट्रेलियातला असेल तर त्याचा 7 आकडी मार्न नंबर, म्हणजे नोंदणीचा नंबर, असतो, तोही सरकारी यादीत सापडतो. कंपनीचा 11 आकडी एबीएन नंबर माग, फुकट तपासता येतो. मग वर्कशॉपच्या वेबसाइटवरचा लँडलाइन स्वतः शोध, एजंटने दिलेला नको, आणि फोन लाव. इंग्लिश मोडकं असलं तरी चालेल, "तुम्ही मेकॅनिक स्पॉन्सर करताय का" एवढं विचारायला काय लागतं. खरा मालक तुझा व्हिडिओ इंटरव्ह्यू घेतल्याशिवाय घेणारच नाही, इंजिन खोलायला लावेल, हायड्रॉलिकचे प्रश्न विचारेल. तुझा झालाय का असा इंटरव्ह्यू? पत्रात कुठे दिसला नाही. आणि व्हिसा आला म्हणून पासपोर्टवरच्या स्टिकरचा फोटो दाखवतील तर समज, ऑस्ट्रेलियाने 2015 पासून स्टिकर लावणं बंद केलंय, व्हिसा ऑनलाइनच असतो आणि व्हेवो नावाच्या सरकारी साइटवर आपला आपल्याला बघता येतो.

तुझी खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल तुला कोणी बोललेलं नाही. अर्धा पगार हातात. 9 वर्षांचा अनुभव तुझ्या हाताला आहे पण कागदावर किती आहे? टीआरए कागद मागते, अनुभवाचं पत्र ज्यात काय काम करतोस ते तपशीलवार लिहिलेलं, पेस्लिप, बँकेत आलेला पगार, पीएफचं पासबुक. तू पंप काढतोस, इंजेक्टर सेट करतोस, गिअरबॉक्स उतरवतोस, आणि पत्रावर मालक "वर्कर" लिहून देणार असेल तर ते 9 वर्षं वाया. म्हणून आता मालकाशी बोल, जाणार आहे म्हणून नाही, कागद नीट पाहिजेत म्हणून. पूर्ण पगार बँकेत घे, पीएफ पूर्ण पगारावर कापला जाऊ दे. कामाचे फोटो काढत जा. आणि इंग्लिश. माझ्या नवऱ्याच्या वेळी आयईएलटीएसला सरासरी 5 पुरायचे, तरी रायटिंगने त्याला रडवलं होतं, तुला चारही भागांत 6 आणायचेत, मराठी मीडियमच्या पोराला रोज तास-दीड तास काढला तर वर्षभर लागतं असं धरून चाल. त्या वर्षात 16 लाखही लागत नाहीत आणि केळीचा एकरही जात नाही.

कागद तयार झाले, इंग्लिश झालं, की तिकडच्या ट्रॅक्टर-हार्वेस्टरच्या डीलरांना सरळ स्वतः अर्ज पाठवायला लाग. उत्तरं कमी येतील. दोन-चार येतील. ज्याला खरंच माणूस पाहिजे तो तुझ्याकडून पैसे मागणार नाही, मागितले की तो आपला नाही.

मार्कशीट आणायला उद्याच जा, एकटा नको, वडिलांना किंवा गावातल्या दोन जाणत्यांना घेऊन जा. लोनसाठी बँकेला ओरिजनल दाखवायचे आहेत, पासपोर्टही पाहिजे असं सांगितलंस तरी चालेल, भांडण काढू नकोस. पासपोर्ट सरकारचा असतो, तो असा कोणाला ठेवून घेता येत नाही, द्यायला टाळाटाळ केली तर तिथून उठून थेट पोलीस स्टेशनला जायचं. हातात आले की मला एक ओळ लिहून कळव, मी वाट बघतेय.